पाय काढला की थरथर बंद : आर्णी तालुक्यातल्या एका गाडीचं प्रकरण

कापसाची दुसरी वेचणी चालू होती. दुपारी दोनच्या सुमारास गुरुजींची पांढरी गाडी माझ्या गॅरेजसमोर थांबली आणि उतरता उतरताच ते म्हणाले, "मिस्त्री, गाडीच्या अंगात येऊ रायलं. एक्सलेटर दाबला का लटलट कापते, पाय काढला का चूप."

ते वाक्य मी तेव्हा नीट कानात घेतलं असतं तर पुढचे आठ दिवस आणि त्यांचे सोळाशे रुपये वाचले असते. निम्मं निदान त्यांनीच करून आणलं होतं. हे प्रकरण माझ्या चुकीसकट लिहितो आहे, कारण अशी तक्रार घेऊन महिन्याला दोन-तीन गाड्या तरी माझ्याकडे येतात, आणि येण्याआधी त्यांचे पैसे भलत्याच ठिकाणी गेलेले असतात.

गाडी आणि तिचं काम

चार सिलिंडरची, 1.2 लिटरची पेट्रोल गाडी. पुढची चाकं ओढणारी, पाच गियरची, टायर 165/80 आर 14. साल 2014, मीटरवर 96 हजारांच्या वर. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सहा एकर कोरडवाहू शेती. गाडी शेतातही जाते आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्या आईला डायलिसिससाठी यवतमाळलाही नेते. मंगळवार आणि शुक्रवार. त्यामुळे "दोन-चार दिवस गाडी ठेवून जा" असं या गाडीला म्हणता येत नव्हतं.

माझ्याकडे येण्याआधी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती. एका गॅरेजने चारही प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक नाही. मग टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. तिथे रिमच्या आतून वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळं निघाली. ती काढल्यावर गाडी दोन दिवस बरी वाटली आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखी. तोवर 4,700 रुपये गेले होते.

त्या दोघांनाही मी दोष देत नाही. प्लग 40 हजार किलोमीटरच्या पुढचे होते, ते बदलायचेच होते. मातीची ढेकळंही खरीच होती. आपल्याकडे पावसाळ्यानंतर शेतात जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या रिममध्ये ती असतात. काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते, वाळली की दगड होते. मूठभर ढेकूळ एका बाजूला बसलं तरी 80 च्या वर स्टेअरिंग हातात ठरत नाही. पण गुरुजींची तक्रार स्टेअरिंगची नव्हतीच.

"हलते" म्हणजे नेमकं काय होतं

इथे थोडं थांबून सांगतो. गिऱ्हाईक "गाडी हलते" म्हणतं, आणि त्या एका शब्दात सहा वेगवेगळे आजार असतात. मराठीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत. ते गिऱ्हाइकाच्या तोंडून काढून घेतले की अर्धं काम होतं.

गाडी झटके देते, म्हणजे मध्येच ताकद जाते आणि परत येते, ती अडखळते. आम्ही त्याला मिसिंग म्हणतो. तिथे प्लग, कॉइल, पेट्रोलचा पुरवठा पाहायचा. बहुतेक वेळा इंजिनचा दिवा लागतो, आणि स्कॅनर लावला की पी 0300 किंवा पी 0301 ते पी 0304 यातला कोड निघतो. 0301 म्हणजे पहिलं सिलिंडर, 0302 म्हणजे दुसरं. 0300 आला तर मिसिंग एका सिलिंडरला धरून नाही, कुठेही होतं आहे.

स्टेअरिंग लटलटतं, तेही एका ठराविक स्पीडला, आणि पाय काढला तरी लटलटतच राहतं. ते चाक आहे. बॅलन्स, वाकलेली रिम, फुगलेला टायर.

जागेवरून उठताना गाडी कापते आणि एकदा चालायला लागली की शांत होते. तो क्लच. ब्रेक दाबल्यावर कापते, ती ब्रेकची डिस्क. पाय दाबला-सोडला की खाली "धप्प" असा आवाज होऊन अख्खं इंजिन डुलल्यासारखं वाटतं, ते फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर.

आणि शेवटची थरथर. ती सीटच्या खालून, पायाखालच्या पत्र्यातून येते. पुढे-मागे नाही, डावी-उजवीकडे. दाबल्यावर येते, चढावर वाढते, माणसं बसली की वाढते, पाय काढला की त्याच क्षणी जाते. ती ॲक्सलच्या आतल्या जॉइंटची. ॲक्सल म्हणजे गियरबॉक्सची ताकद पुढच्या चाकाला नेणारा दांडा, आणि आतला जॉइंट म्हणजे त्याचा गियरबॉक्सकडचा, वाकून फिरणारा सांधा.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी चुकलो.

पहिल्या वेळेस मी काय केलं

स्कॅनर लावला. कोड एकही नाही. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीची रेस मिनिटाला 3,000 फेऱ्यांपर्यंत नेली, इंजिन अगदी गुळगुळीत. मग गुरुजींना गाडी चालवायला लावून मी बाजूला बसलो आणि महामार्गाला गेलो. नागपूर-तुळजापूरचा हा 361 क्रमांकाचा रस्ता सिमेंटचा आहे. सिमेंटच्या रस्त्याला ठराविक अंतरावर सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यावर टायर टक-टक करतो. त्या टकटकीत बारीक थरथर हरवते. तिथे चाचणी घ्यायला नको होती.

तरी 60 च्या पुढे थरथर जाणवली. पाय काढायला सांगितला, ती गेली. म्हणजे चाक नाही, हे बरोबर ओळखलं. परत आलो, बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून पहिल्या गियरमध्ये क्लच अर्धा सोडायला लावला. इंजिन दोन बोटं उचललं गेलं. मागच्या फाउंडेशनचं रबर मधून फाटलं होतं. मला चोर सापडल्यासारखं झालं. तेच बदललं. फिरवून पाहिली, थरथर निम्म्याहून कमी. गुरुजी खूश, मी खूश. 1,650 रुपये.

ती कमी का झाली हे नंतर कळलं. फाटक्या रबरामुळे दाबल्यावर इंजिन मागे कलत होतं, त्यामुळे ॲक्सलचा कोन बदलत होता, आणि थरथरीला पत्र्यापर्यंत जायला मोकळी वाट मिळत होती. नव्या रबराने ती वाट अडवली, पण थरथर जिथे जन्मत होती ती जागा तशीच राहिली. दोन दोष एकत्र असले की पहिला काढल्यावर आराम पडतो आणि तो आराम फसवतो. इंजिन डुलताना दिसलं तिथेच मी तपास थांबवला. एक परीक्षा घ्यायची राहून गेली होती.

आठव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, फोन आला. "मिस्त्री, वापस येतानी चढावर पुन्हा तेच. मागं माय, बहीण, भाचा बसले होते. माय मने, मले उतरव, आपण यष्टीनं जाऊ." डायलिसिस झालेलं माणूस आधीच गळून गेलेलं असतं. त्या सत्तरी ओलांडलेल्या बाईने त्या गाडीत बसायची भीती घेतली, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणायला सांगितली. मंगळवारपर्यंत तीन दिवस हातात होते.

राहून गेलेली परीक्षा

या वेळी गाडी मी स्वतः चालवली, आणि महामार्ग सोडून जुन्या डांबरी रस्त्याच्या सपाट तुकड्यावर गेलो. तिसऱ्या गियरमध्ये 65 ला थरथर. त्याच जागी परत येऊन चौथ्यात 65. पुन्हा तीच थरथर. तिसऱ्यात इंजिन 3,000 च्या वर फिरत होतं, चौथ्यात 2,200 च्या आसपास. इंजिनचे फेरे एवढे उतरले तरी थरथर आपला स्पीड सोडेना.

राहिलेली परीक्षा हीच. दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये असता तर गियर बदलल्यावर थरथर दुसऱ्या स्पीडला गेली असती. ती गियरला जुमानत नव्हती, म्हणजे गियरबॉक्सच्या पलीकडची होती. पलीकडे उरतात ॲक्सल आणि चाकं. आणि पाय काढल्यावर जाते म्हणून चाकंही सुटली. राहिला ॲक्सल.

मग डिक्कीत सरकीची दोन पोती टाकली आणि पुन्हा तोच फेरा मारला. थरथर दुप्पट. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उठतं, पुढच्या ॲक्सलचा कोन वाढतो, आणि आतल्या जॉइंटला जास्त वाकून फिरावं लागतं. आई, बहीण आणि भाचा मागे बसले की चढावर गाडी का कापायची, ते या दोन पोत्यांनी दाखवलं.

हिशेबानेही हे जुळतं. या टायरचा घेर जवळपास 1.95 मीटर. 65 च्या स्पीडला चाक सेकंदाला सव्वानऊ फेऱ्या मारतं. चाकाचा दोष असता तर सेकंदाला नऊ हादरे आले असते, जे हाताला सुटे सुटे जाणवतात. आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, प्रत्येक फेरीला तीन धक्के, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीसच्या आसपास. ते सुटे जाणवत नाहीत. भरधाव पिठाच्या गिरणीवर हात ठेवावा तसं वाटतं. गुरुजींनी "लटलट" म्हटलं होतं, पण मी त्यांना विचारलं, "गिरणीसारखं का?" तर लगेच म्हणाले, "हो जी, अगदी तसंच."

जॉइंट कसा होता

आता खालून पाहायचं होतं, आणि इथेही एक खोच आहे. गाडी जॅकवर उचलली की चाक खाली लोंबतं आणि जॉइंटमधले रोलर रोजच्या जागेवरून सरकतात. रोजच्या जागी जी झीज झालेली असते ती तेव्हा हाताला लागत नाही. पहिल्या वेळेस मी लोंबत्या चाकाने ॲक्सल हलवून पाहिला होता आणि "ठीक आहे" म्हणालो होतो. या वेळी स्टँड चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मखाली घेतले, म्हणजे गाडी जमिनीवर उभी असल्यासारखी बसली. डाव्या ॲक्सलचा आतला कप, म्हणजे रोलर ज्यात धावतात ती वाटी, एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने शाफ्ट पिळला. टुक-टुक. उजवीकडे असं काही नव्हतं.

डाव्या जॉइंटच्या रबरी बुटावर, म्हणजे आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या वळ्यांच्या पिशवीवर, मातीचा थर बसला होता, जुन्या भिंतीला पोतेरं दिल्यासारखा. पोऱ्याने रॉकेलमध्ये ब्रश बुडवून तो काढला. गियरबॉक्सकडच्या दुसऱ्या वळीत, वरच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी चीर. तिच्या बरोबर समोर गियरबॉक्सवर आणि वरच्या पत्र्यावर ग्रीस गोल पट्ट्यात उडालेलं होतं. फिरता शाफ्ट चिरेतून ग्रीस फेकतो तेव्हा ते असं रिंगणातच बसतं. मातीखाली ते झाकलं गेलं होतं, म्हणून पहिल्या वेळेस मला दिसलं नाही. पण धुऊन पाहिलं असतं तर दिसलं असतं.

हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध ॲक्सल धरणारा नट, गाडी जमिनीवर असतानाच सैल केला, गियर ऑइल काढलं, बॉल जॉइंट सोडवला आणि टॉमी (लोखंडी दांडा) लावून आतला कप गियरबॉक्समधून उचकटला. शाफ्टला धरून ओढायचं नसतं, ओढलं की रोलर कपातून निसटतात आणि चांगला बूटही फाटतो. बूट कापला. आत जे होतं त्याला ग्रीस म्हणता येणार नाही. पानाच्या पिचकारीच्या रंगाचा पातळ लगदा, त्यात चंदेरी चकाकी. चिमटीत घेऊन चोळलं तर कचकच लागली. आपल्या काळ्या मातीत चुन्याचे बारीक खडे असतात, ते त्यात होते. चकाकी लोखंडाच्या कणांची होती.

कप पुसून उजेडात धरला. तीन खोबणी, आणि प्रत्येकीच्या एका बाजूला रोलर जिथे रोज धावतो तिथे खड्डा पडलेला. डोळ्याला तो फक्त काळपट चट्टा दिसतो. नख फिरवलं की अडकतं. मी गुरुजींचा अंगठा धरून त्यावरून फिरवला. त्यांनी दोनदा स्वतः फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्याशा खड्ड्यानं एवढी गाडी हलते?" हलते. पाय दाबला की ताकद त्या एका बाजूवर येते, रोलर खड्ड्यात दबून पुढे-मागे सरकताना अडखळतो, आणि प्रत्येक अडखळण्याला शाफ्ट गाडीला आडवा ढकलतो. पाय काढला की ताकद खोबणीच्या दुसऱ्या बाजूला जाते. ती बाजू अजून गुळगुळीत होती.

चीर कुठून आली

बूट 10 वर्षांत आपोआपही तडकतो. पण तो तडकतो वळीच्या घडीत, गोलाकार. ही चीर आडवी होती आणि तिच्या कडा बाहेरून आत वळलेल्या होत्या, काहीतरी घुसल्यासारख्या. मी विचारलं, गाडी शेतात कधी घातली होती? गुरुजी जरा आठवून म्हणाले, मागच्या जानेवारीत. तूर निघाली, बैलगाडी मिळेना, आभाळ आलं होतं, म्हणून पोती आणायला गाडी धुऱ्याच्या कडेने आत नेली. "त्या दिवशी खालून खर्रर्र झालं होतं."

तुरीची धसकटं ज्याने पाहिली आहेत त्याला पुढचं सांगायची गरज नाही. विळ्याने तिरपी कापलेली तुराटी जमिनीवर चार-सहा बोटं उरते आणि वाळली की टाचणीसारखी होते. ट्रॅक्टरचे टायर तिने पंक्चर होतात, रबरी बुटाचं काय घेऊन बसलात! डावं चाक धुऱ्याच्या अंगाला होतं. पुढे अख्खा पावसाळा गाडी पांदणीने गेली. चिरेतून ग्रीस बाहेर आणि चिखल आत, जून ते सप्टेंबर. थरथर दिवाळीला जाणवली, पण जॉइंट जानेवारीपासून मरत होता.

दुरुस्ती आणि हिशेब

गुरुजींनी विचारलं, नागपूरहून भंगारातला जुना ॲक्सल आणला तर स्वस्त पडेल का? पडेल. पण त्याच्या खोबणीत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि विकण्याआधी तो कोणी उघडू देत नाही. मी नवा आतला जॉइंट, बूट, क्लिपा आणि ग्रीसचं पाकीट असा संच यवतमाळहून मागवला. शनिवारी संध्याकाळी पार्सल आलं, रविवारी काम केलं.

बसवताना तीन गोष्टी मी सोडत नाही. संचातलं ग्रीसचं पाकीट पूर्ण रिकामं करायचं, निम्मं कपात, निम्मं बुटात, आणि गॅरेजमधलं चाकाचं ग्रीस त्यात मिसळायचं नाही. बूट चढवल्यावर लहान स्क्रू ड्रायव्हरने कड उचलून आतली कोंडलेली हवा सोडायची, नाहीतर बूट फुगतो किंवा आत खेचला जातो आणि लवकर फाटतो. आणि क्लिप म्हणजे क्लिपच. आपल्याकडे बांधणीची तार पिळून बूट बांधायची सवय आहे. तार एका जागी रबर चावते, दुसऱ्या जागी फट सोडते, आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. गियरबॉक्सचं ऑइल सील नवं घातलं, हब नटही नवा, कारण तो एकदा ठोकून बसवायचा असतो, जुना पुन्हा धरत नाही.

संच, सील, नट आणि गियर ऑइल मिळून 3,900 रुपये. मजुरी घेतली नाही. फाउंडेशनची मजुरीही परत केली. रबर फाटलेलं होतं म्हणून त्याची किंमत ठेवली. गुरुजी नको म्हणत होते, पण तपास अर्धवट सोडला होता तो मी.

सोमवारी सकाळी तोच डांबरी तुकडा, डिक्कीत तीच दोन पोती. तिसरा, चौथा, पाचवा गियर, 40 ते 90. पायाखालचा पत्रा शांत. मंगळवारी आई यवतमाळला जाऊन आल्या. परत येताना गुरुजींनी मुद्दाम गॅरेजवर गाडी थांबवली. आई मागच्या सीटवर झोपलेल्या होत्या, म्हणून आम्ही काचेबाहेरून हळू आवाजात बोललो.

उजव्या बाजूचं सांगायचं राहिलं. डावा जॉइंट खोलला तेव्हाच उजव्याचा बूटही धुऊन पाहिला होता. तो फाटलेला नव्हता, पण दोन वळींत बारीक भेगा पडल्या होत्या. तो मी फेब्रुवारीच्या सर्व्हिसला बदलला, 350 रुपयांत. उघडल्यावर आतलं ग्रीस अजून लोण्यासारखं होतं, आणि खोबणीवरून नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडकता गेलं. त्याआधी, दुरुस्तीनंतरच्या जानेवारीत, पुन्हा तूर निघाली होती. पोती धुऱ्यापर्यंत डोक्यावर आणली, गाडी बाहेर डांबरी रस्त्यावर उभी होती, असं गुरुजींनी सांगितलं.